गाळलेलं वाक्य

रुमालाला प्रवचन करायला तोंड लागायचं, डोकं लागायचं नाही. वेणीला हे फार लवकर कळलं, कारण त्याच्या तोंडून पडेल ते तिला हातात झेलावं लागायचं, आणि हातात घेतलं की वस्तू भरीव आहे की पोकळ, हे लपत नाही.

रुमाल म्हणजे प्रार्थनाघराचा प्रवचनकार. एक वाक्य झालं की कपाळ पुसायचा आणि उरलेला वेळ तोच रुमाल ओठांपुढे धरून बोलायचा. म्हणून बहिऱ्या मंडळींनी त्याला खुणेत ते नाव ठेवलं होतं: दोन बोटं कपाळावरून फिरवली की झाला प्रवचनकार. ही मंडळी नाव ठेवताना कोणाची भीड बाळगत नाहीत. डोळ्यांत भरेल ते नाव. चिटणीस म्हणजे पोट. वेणी म्हणजे वेणी, कारण लहानपणी ती कमरेपर्यंत होती. आता केस मानेवर कापलेले आणि अर्धे पांढरे, पण एकदा चिकटलेलं नाव निघतंय कुठे!

आठवडाभर ती दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत बसायची. सुट्टीच्या सकाळी प्रार्थनाघरात, मंचाच्या डाव्या कडेला, एका उंच स्टुलावर. समोरच्या तीन रांगा बहिऱ्यांच्या. पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर तिची आई, बहात्तर वर्षांची, ताठ बसलेली, चष्मा पदराने पुसून तयार.

माईक सुरू झाला की रुमाल सांगायचा, "जीवन ही नौका आहे, नावाडी तो आहे, वल्हंही तोच आहे आणि अहो, पाणीही तोच आहे!" ऐकणारे माना डोलवायचे. वेणी हातांनी सांगायची, "शेजारी एकटा म्हातारा राहत असेल आणि दोन दिवस त्याचं दार बंद दिसलं, तर ठोठवा. देव ठोठवणार नाही, त्याला बरीच दारं आहेत." रुमाल अहंकारावर बोलताना स्वतःच्या नम्रतेची पाच उदाहरणं द्यायचा. तेवढ्या वेळात वेणी एक गोष्ट सांगून मोकळी व्हायची: एक माणूस म्हणाला, माझ्याइतका नम्र माणूस तुम्हाला मिळणार नाही, आणि हे सांगायला त्याने गर्दीतून वाट काढून माईक गाठला. तीन रांगा खदखदून हसायच्या. रुमाल वळून त्यांच्याकडे पाहायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. "ज्यांना कान नाहीत," तो कपाळ पुसत म्हणायचा, "त्यांच्यापर्यंत माझा शब्द सर्वांत आधी पोचतो!"

पोचत होता, यात खोटं काही नव्हतं. फक्त तो त्याचा नव्हता. आठ वर्षांपूर्वी अकरा बहिरे यायचे, आता चव्वेचाळीस येत होते. दोघं तर तासाभराचा प्रवास करून. रुमाल हा आकडा प्रत्येक समारंभात सांगायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते याला.

आता कोणी विचारेल, बाईला देव मान्य नव्हता तर ती त्या स्टुलावर बसत कशाला होती. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

वेणीचे आई-बाबा दोघं बहिरे, धाकटा भाऊही बहिरा. ऐकू येणारी ती एकटी. पाचव्या वर्षापासून ती घराचे कान झाली आणि घराचं तोंडही. दुकानदार, डॉक्टर, घरमालक, सगळ्यांशी तीच बोलायची. घरमालकाने बाबांना शिवी हासडली की ती बाबांना सांगायची, "ते म्हणतायत, नळ जपून वापरा." बाबा मान डोलवायचे. आई मात्र तिच्याकडे एकदा बघायची आणि हाताने म्हणायची, "खोटं." दर वेळी. शाळेतलं असो, खेळातलं असो, आईसमोर तिचं एकही खोटं कधी टिकलं नाही. आई तीस वर्षं कपडे शिवायच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. चुकलेला टाका तिला हातभर लांबून दिसायचा. खोटंही तसंच दिसत असेल, अशी वेणीने मनाची समजूत घातली होती.

आईचा देवही वेणीच्या हातांतूनच घरात आला. सात वर्षांची पोर प्रार्थनाघरात आईच्या समोर उलटी बसायची आणि ऐकलेलं सगळं खुणांनी सांगायची. तेव्हा रुमाल तरुण होता, त्याचा रुमालही नवा होता. 'तो सगळ्यांना बघतो' हे सांगताना वेणीच्या अंगावर काटा यायचा. आईच्याही यायचा. दोघी एकमेकींचे हात बघून हसायच्या.

मग, आठ वर्षांपूर्वी, भाऊ गेला. त्याचं खुणेतलं नाव खळी: गालात बोट रुतवून फिरवायचं. सव्विसाव्या वर्षी रक्ताचा आजार झाला आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. बाबा त्याआधीच गेले होते. अंत्यविधीला रुमाल आला, आईसमोर उभा राहिला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला. आजूबाजूच्या लोकांनी सुस्कारे सोडले. त्यांचं बरं होतं, या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोय होती. वेणीला ते वाक्य बनवावं लागलं. देव. त्याला हवा होता. तुझा मुलगा. आणि 'तुझा' म्हणताना बोट आईच्या छातीकडे करावं लागतं, दुसरा इलाज नाही. तिने ते केलं. आईने मान हलवली. तेवढ्यात रुमालाने घड्याळ बघत पुस्ती जोडली, "पलीकडे भेट होणारच आहे." वेणीने ते वाक्य केलंच नाही. हात खाली ठेवले. दुपारचे सव्वाबारा वाजले होते, आणि तिचा देव त्या वेळी संपला.

नंतर ती देव न मानणाऱ्यांच्या मंडळातही जाऊन आली. एका शाळेच्या वर्गात भरायचं. तिथल्या अध्यक्षाच्या हातात रुमाल नव्हता, चष्मा होता, तो दर वाक्याला काढायचा आणि घालायचा. देव आहे हे रुमाल पाऊण तासात उरकायचा. देव नाही हे सांगायला याने दोन तास घेतले आणि शेवटी पुढच्या सभेला प्रत्येकाने दोन माणसं आणावीत असं सांगितलं. "सगळ्या दुकानांना गिऱ्हाईक हवं," असं म्हणत वेणी घरी आली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

पण आईचं काय? नवरा गेलेला, पोरगा गेलेला, तिच्या हाताशी उरला होता तो एक देव. तोही काढून घ्यायचा? वेणीने ठरवलं, स्टूल सोडायचं नाही. आईचा देव राहू दे. पण जे वाक्य आपल्याला खोटं वाटतं, ते आपल्या हातांतून आईकडे जाणार नाही. विशेषतः ते एक: मेलेली माणसं पुन्हा भेटतात. रुमाल ते महिन्यातून एकदा तरी बोलायचा, त्याच्या ठेवणीतलं होतं ते. प्रत्येक वेळी वेणी तिथे काहीतरी दुसरं घालायची, पण धड घालायची, स्वतःला शंभर टक्के पटलेलं. आठ वर्षांत 'भेट' ही खूण तिने त्या सभागृहात एकदाही केली नाही. याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला. सगळ्या प्रार्थनाघरात प्रामाणिक माणूस एकच, असं तिचं मत होतं, आणि तो माणूस स्टुलावर बसतो असंही.

एका सोमवारी चिटणीस दवाखान्यात रक्तदाब तपासायला आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, आनंदाची बातमी! एका भल्या माणसाने पडदा दिलाय. गुरुजी बोलतील ते अक्षरात उमटणार, मोठ्ठ्या! तुमचा भार हलका."

वेणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आमची माणसं इतक्या भराभर वाचत नाहीत हो," ती म्हणाली.

"शिकतील की. आणि तुम्ही आहातच. हातही बघा, अक्षरंही बघा. डबल सोय!"

"त्यांची नजर फाटेल. उगाच गोंधळ."

"तुम्हाला काय झालंय ताई? तुमची जागा नाही जात."

चोराच्या मनात चांदणं. चिटणिसाला काहीच माहीत नव्हतं, पण तो फॉर्म घेऊन गेला तरी वेणीला वाटत राहिलं की त्याने आपल्याला पकडलं. जागेची तिला फिकीर नव्हती. आई वाचायची. सावकाश, ओळीखाली बोट धरून, पण रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आई पडदा वाचणार, मग हात बघणार, मग पुन्हा पडदा.

आठवडाभर तिने बेत केले. आजारी पडावं. आईला आजारी पाडावं. किंवा सरळ खरं प्रवचन जसंच्या तसं करावं, नौका, नावाडी, वल्हं, सगळा कचरा. शेवटचा बेत तिने आरशासमोर करून पाहिला आणि पाचव्या मिनिटाला हात झटकून उठली. इतकी वर्षं ताजं वाढल्यावर आता शिळं कुठून वाढणार?

सुट्टीच्या सकाळी पडदा मंचाच्या मधोमध टांगलेला होता, एका बैलगाडीएवढा. कानामागून आला आणि तिखट झाला. रुमाल त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसा बघत होता. वेणी स्टुलावर बसली. आईने चष्मा पुसला.

आणि नशीब बघा, रुमालाने नेमकं ठेवणीतलं काढलं. नवा पडदा, भरलेलं सभागृह, मग हुकमी एक्का टाकायचा नाही तर काय!

"आपली माणसं," तो म्हणाला आणि पडद्यावर हातभर अक्षरं उमटली, "आपल्याला सोडून जात नाहीत. ती पलीकडे वाट बघत उभी आहेत. आई आपल्या लेकराला पुन्हा भेटेल."

वेणीचे हात त्याच वेळी सांगत होते की रागावलेल्या माणसाने पत्र लिहावं, पण टपालात टाकण्याआधी एक रात्र झोपावं.

तीन रांगांमधल्या माना एकदम पडद्याकडे गेल्या, मग हातांकडे आल्या, मग पुन्हा पडद्याकडे. दुसऱ्या रांगेतल्या सुताराला प्रथम उमगलं. तो मांडी थोपटत हसू लागला आणि शेजाऱ्याला खुणेने म्हणाला, "सांगत नव्हतो? रुमालाला एवढी अक्कल कुठली! सगळं हिचंच आहे." मागच्या दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. म्हणजे बऱ्याच जणांना आधीच वास लागला होता. ते प्रार्थनेला येत नव्हतेच, वेणीला बघायला येत होते.

हसत नव्हती ती एक आई. तिचं बोट हवेत उचललेलं होतं, पडद्यावरच्या ओळीखाली धरल्यासारखं, आणि ते सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होतं. 'पुन्हा भेटेल' पाशी ते थांबलं. पडद्यावर पुढच्या ओळी आल्या नि गेल्या. आईचं बोट तिथेच होतं.

वेणीने हात मांडीवर ठेवले. उरलेला अर्धा तास ती नुसती बसून राहिली. रुमालाच्या ते लक्षातही आलं नाही. तो पडद्यावर स्वतःची वाक्यं वाचण्यात गुंग होता.

दोघी घरी आल्या. आईने चपला जागेवर ठेवल्या, स्वयंपाकघरात गेली, ओट्याजवळची खुर्ची ओढून बसली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. वेणी बसली. दुपारचं ऊन टेबलावर होतं, हात स्वच्छ दिसत होते.

"हे तो नेहमी सांगतो?" आईने विचारलं.

"महिन्यातून एकदा."

"कधीपासून?"

"खळी गेला तेव्हापासून."

"आणि तू?"

"मी गाळत होते."

"का?"

"खोटं आहे म्हणून, आई. खळीच्या वेळी तो काय बोलला आठवतंय ना? घड्याळ बघत बोलत होता! असल्या माणसाचं असलं वाक्य मी तुझ्याकडे आणून द्यायचं? माझ्या हातांनी?"

आईने हे सगळं नीट बघून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलायला लागली. ती नेहमीच सावकाश बोलायची, पण आज एकेक खूण काज कापावं तशी मोजून.

"मी दर आठवड्याला त्या एका वाक्यासाठी यायचे. बाकीचं मला काय करायचंय? म्हाताऱ्याचं दार ठोठवा, पत्र टपालात टाकू नका. मी काय लहान आहे? मला फक्त एवढं बघायचं होतं की माझा पोरगा भेटेल असं कोणी उभं राहून सांगतं का."

"पुस्तकात आहे की ते. तू वाचतेस."

"पुस्तकात काय, छापणारा काहीही छापतो. माणसाने तोंडावर सांगायला पाहिजे. पहिलं वर्ष गेलं, मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगेल. दुसरं वर्ष गेलं, मला वाटलं, माझ्याकडे बघून त्याला धीर होत नसेल. तिसऱ्या वर्षी म्हटलं, ज्याचा धंदाच हा आहे, तोसुद्धा हे सांगत नाही, म्हणजे नाहीच काही. संपलं."

"काय संपलं?"

"माझं. मी मानायचं सोडलं. पाच वर्षं झाली."

  वेणीने विचारलं, "मग येत कशाला होतीस?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तू तिथे अशी ताठ बसायचीस, चेहरा असा उजळलेला. मला वाटलं, पोरीचा देवावर जीव आहे. बाप गेला, भाऊ गेला, तिला एवढंच उरलंय. मी येणं बंद केलं तर तिचं काय होईल? म्हणून यायचे. पाठ दुखायची, तरी यायचे."

वेणी हसली. हसू आवरेना, आणि ते हसू चांगलं नव्हतं. आठ वर्षं ती रुमालाला हसली, चिटणिसाला हसली, चष्मेवाल्या अध्यक्षाला हसली, पलीकडे वाट बघणाऱ्या मेलेल्या माणसांना हसली. दोन देव न मानणाऱ्या बायका, एक स्टुलावर आणि एक तिसऱ्या खुर्चीत, एकमेकींचा देव सांभाळत दर आठवड्याला आंघोळ करून तयार होत होत्या. याहून मोठा विनोद रुमालाच्या अख्ख्या जन्मात झाला नव्हता.

"मग बरोबरी झाली," ती म्हणाली. "तुझाही गेला, माझाही गेला."

"बरोबरी?" आईचे हात टेबलावर आपटले. तिला आवाज येत नव्हता, पण बशी उडाली. "तुझा तू टाकलास. तू ऐकलंस, विचार केलास, नको म्हणालीस. मला कोणी विचारलं? माझा पण तूच टाकलास. मला तो रुमाल मूर्ख आहे हे कळलं नसतं? कळलं असतं. मूर्ख माणसाने सांगितलेलं ठेवायचं की फेकायचं, ते मी ठरवलं असतं. घरमालकाच्या शिव्या गाळायचीस, तेव्हा सहा वर्षांची होतीस. आता किती वर्षांची आहेस?"

  आई उठली, दोन पेले पाणी भरलं, एक वेणीपुढे सरकवला आणि पुन्हा बसली.

"मी सोडते ते स्टूल," वेणी म्हणाली.

"ते तुझं तू बघ. आधी ते वाक्य मला दे."

"वाचलंस ना पडद्यावर."

"पडद्यावर अक्षरं होती. माझं होतं ते तुझ्याकडे राहिलंय आठ वर्षं. दे."

वेणीने पाण्याचा घोट घेतला. मग सरळ बसली, स्टुलावर बसायची तशी. गालात बोट रुतवून फिरवलं: खळी. आईकडे बोट केलं: तू. मग दोन्ही हातांच्या तर्जन्या उभ्या केल्या, बाकीची बोटं मिटलेली, एक या खांद्याजवळ आणि एक त्या खांद्याजवळ, आणि दोन्ही एकमेकींकडे आणत मधोमध टेकवल्या. भेट.

आईने ते चष्मा न घालताच बघितलं. वेणीला वाटलं, आता ती रडेल. ती पुढे वाकली आणि तिने वेणीची उजवी मूठ हातात धरली, शिवणीतला टाका तपासावा तशी उलटी केली. मिटलेल्या बोटांच्या आत अंगठा दडून बसला होता.

"खोटं बोललीस की हा आत जातो," आई म्हणाली. "लहान होतीस तेव्हापासून. घरमालक, शाळा, सगळं मला याने सांगितलं. खळीला पोचवलं त्या दिवशीही आत होता. मला वाटलं, रडतेय म्हणून असेल. त्यानंतर आठ वर्षं त्या स्टुलावर एकदाही आत गेला नाही. म्हणून तू सांगशील ते मी खरं धरून चालले. त्यात नव्हतं, ते जगात नाही असं धरून चालले."

वेणी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्रेचाळीस वर्षांत तो तिला कधी दिसला नव्हता.

आईने तिची मूठ उघडली, अंगठा बाहेर काढला, मिटलेल्या बोटांवर आडवा ठेवला आणि वरून दाबला. मग खुर्चीत मागे टेकून बसली, चष्मा उचलला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"आता परत सांग," ती म्हणाली. "अंगठा बाहेर ठेवून."

वेणीने हात उचलले. खळी. तू. दोन तर्जन्या दोन खांद्यांजवळ उभ्या राहिल्या. तिने सगळा जोर अंगठ्यांवर लावला आणि त्या एकमेकींकडे आणायला सुरुवात केली. आई अंगठ्याकडे बघत होती.